मदत हवी आहे: ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला माझी जुनी लेन्स पुरेल का? (मोडी कागदांचे फोटो आणि फाइलचा आकार)

टाक_आणि_दौत

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला महाल भागात राहते. दोन वर्षांपासून ओळखीपाळखीच्या घरांमधल्या मोडी कागदांचे फोटो काढते आहे. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, पण मोडीत लिहिणं त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिलं. त्यामुळे जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजून कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडी गठ्ठे) बांधलेले सापडतात. एका पावसाळ्यात वाळवी लागली की सगळं संपतं, म्हणून जमेल तेवढं टिपून ठेवते. आतापर्यंत सुमारे ७,००० बंद (म्हणजे सुटी पानं) टिपून झाले.

कॅमेरा निकॉन डी७५०, २४ मेगापिक्सेल. त्यावर एक जुना झूम आहे, तो ५० मिमीच्या आसपास ठेवते. फॅब्रिकेशनवाल्याकडून एक उभा पाइप करून घेतलाय, त्याला कॅमेरा खाली तोंड करून लावते. दोन्ही बाजूंनी एलईडी. कागद शतकभर घडीत राहिलेला, त्यामुळे मधूनमधून वर उचललेला असतो. वरून काच ठेवायची हिंमत होत नाही, शाई सुटून येते. म्हणून सगळं फोकसमध्ये राहावं यासाठी एफ/१६, म्हणजे लेन्सचं अगदी लहान छिद्र, वापरते. शटर १/१५ सेकंद येतं. फोटो काढताना कूलर बंद, नाहीतर कागद उडतात आणि दमट हवेनं वळतात. त्यामुळे मे महिन्यात तासाभरापेक्षा जास्त काम होत नाही.

अडचण अशी. पत्राच्या शेवटी उजवीकडे खाली मोर्तब, म्हणजे पत्र संपल्याचा छोटा शिक्का असतो, एखाद्या रुपयाएवढा. मधला मजकूर छान वाचता येतो, पण त्या कोपऱ्यातल्या मोर्तबेची अक्षरं एकमेकांत मिसळतात. हातात कागद घेऊन भिंगातून पाहिलं तर 'लेखनसीमा' स्पष्ट दिसतं. फोटोत नुसता काळा डाग.

ओळखीतले एक जण त्यांची वापरलेली डी८५० विकताहेत. ४५ मेगापिक्सेल. एका रविवारी ती घरी आणून माझाच झूम लावून पाहिला. संगणकावर १०० टक्के मोठं करून बघितलं तर चित्र माझ्या डी७५० पेक्षाही मऊ वाटलं! जिथे दाखवलं त्या दुकानात म्हणाले, "मॅडम, तुमची लेन्स या सेन्सरला झेपत नाही, उलट नुकसान होईल."

तर प्रश्न असे. लेन्स कमकुवत असेल तर जास्त मेगापिक्सेलनं खरंच चित्र बिघडतं का? आणि डी८५० मध्ये २५ मेगापिक्सेलची मध्यम रॉ (कॅमेऱ्याची मूळ, कच्ची फाइल, पण लहान आकाराची) काढता येते. तशी काढली तर लेन्सलाही झेपेल आणि फाइलही लहान होईल, असं मला वाटतंय. हे बरोबर आहे का? जागेचीही ओढाताण आहे. प्रत्येक बंदाची रॉ ठेवते, शिवाय तिची १६ बिटची टिफ (रंगछटा जास्त बारकाईनं साठवणारी चित्रफाइल) करते, आणि सगळ्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर. ४ टीबीची डिस्क अर्ध्याच्या वर भरत आली.

पैसे एकदाच घालता येतील, बॉडीत किंवा लेन्समध्ये. म्हणून विचारते आहे.

---

धंतोलीकर

ताई, मी लग्नाचं काम करून राहिलो बारा वर्षांपासून, त्यातली पाच वर्षं डी८५० वर. मध्यम रॉ मीही हौसेनं सुरू केली होती. एका लग्नाचे तीन हजार फोटो, जागा वाचेल म्हटलं. सहा महिन्यांत सोडून दिली.

आकडे पाहा. पूर्ण आकाराची १४ बिट लॉसलेस (काहीही न गमावता दाबलेली) रॉ फाइल साधारण ५० एमबीच्या थोडी वर जाते. तीच १२ बिटमध्ये ४० च्या आसपास. मध्यम रॉ ३० च्या आसपास, आणि ती फक्त १२ बिटमध्येच मिळते. म्हणजे पिक्सेल ४५ चे २५ झाले, जवळपास निम्मे, पण १२ बिटच्या पूर्ण फाइलशी तुलना केली तर जागा पावभरच वाचली. लहान रॉ तर ११ मेगापिक्सेलची, तरी २० एमबीच्या वर.

काहून असं होते? साध्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, लाल, हिरवा किंवा निळा. म्हणजे पिक्सेलमागे एकच आकडा. मध्यम रॉ करताना कॅमेरा आतल्या आत रंग जुळवून चित्र छोटं करतो, मग एकेका पिक्सेलला रंगाची जास्त माहिती सोबत न्यावी लागते. पिक्सेल कमी झाले, पण दर पिक्सेलचं ओझं वाढलं. आणि जुळवणी एकदा कॅमेऱ्यानं केली की ती तुमच्या हातात राहत नाही.

जागा वाचवायची असेल तर पूर्ण आकार, लॉसलेस, १२ बिट. कागद काही उन्हातल्या नवरीसारखा नाही, सावलीतला काळा भाग उजळायची गरज पडत नाही. १२ बिट भरपूर झाले.

---

भिंगवाला

ताई, दुकानातल्यांचं म्हणणं चूक आहे, आणि ही चूक फार पसरलेली आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेन्सची एक मर्यादा असते आणि सेन्सरची एक. पण "दोघांपैकी कमी असेल तेवढंच मिळतं" असा तो हिशेब नाही. तो गुणाकार आहे. समजा एखाद्या बारीक रेषेचा ठसठशीतपणा लेन्समधून येताना १०० चा ६० राहिला आणि सेन्सरनं त्याचा पुन्हा ६० टक्के ठेवला. हाती ३६ आले. आता लेन्स तीच, पण दाट पिक्सेलचा सेन्सर ७५ टक्के ठेवतो. हाती ४५ आले. लेन्स सामान्य असूनही फायदा झाला. लेन्स फारच वाईट असेल तर फायदा नगण्य होईल, पण दाट सेन्सरनं चित्र खराब होत नाही.

मग तुम्हाला मऊ का दिसलं? कारण १०० टक्क्यांवर पाहिलंत. डी७५० चं चित्र आडवं ६०१६ पिक्सेल, डी८५० चं ८२५६. एक पिक्सेल म्हणजे पडद्याचा एक ठिपका असं पाहिलं की दुसरं चित्र पहिल्यापेक्षा सुमारे १.४ पट मोठं दिसतं. एकच कागद एकदा एका हातावरून आणि एकदा नाकाला लावून पाहण्यासारखं आहे ते. दोन्ही फोटो सारख्याच आकाराचे करून शेजारी ठेवा, मग सांगा.

पण खरी गोष्ट मला दुसरीच दिसते. एफ/१६! इथे लेन्स कोणतीही असो, प्रकाश छोट्या छिद्रातून जाताना पसरतो. हिरव्या प्रकाशासाठी एका बिंदूचा ठिपका एफ/१६ ला सुमारे २१ मायक्रॉन व्यासाचा पडतो, एफ/८ ला ११ च्या जरा खाली. डी७५० चा पिक्सेल ६ मायक्रॉनचा, डी८५० चा ४.३५ चा. म्हणजे एफ/१६ ला डी८५० वर एक बिंदू पाच पिक्सेलभर पसरतो. जगातली सर्वांत महागडी लेन्स लावली तरी हे टळणार नाही.

आणि तुम्हाला एफ/१६ ची गरजही नाही. साधारण १५ इंच रुंदीचा भाग तुम्ही ३६ मिमीच्या सेन्सरवर घेता, म्हणजे प्रतिमा मूळच्या दहाव्या हिश्शापेक्षाही लहान. फोकसचा अगदी कडक निकष लावला, म्हणजे सेन्सरवर बिंदू ०.०१ मिमीपेक्षा जास्त पसरू द्यायचा नाही, तरी एफ/८ ला वरखाली मिळून जवळपास २ सेंटिमीटर खोली मिळते. घडी पडलेला कागद किती उचलला जातो? पाच-सात मिलिमीटर. एफ/८ ला तो आरामात बसतो. शिवाय शटर १/१५ वरून १/६० वर येईल.

आता एक विचारतो. बिघाड नेहमी उजव्या खालच्याच कोपऱ्यात आहे का? बाकीचे तीन कोपरे कसे आहेत? आणि टेबल कुठल्या मजल्यावर आहे?

---

टाक_आणि_दौत

भिंगवाला दादा, तुमचा प्रश्न वाचून जुन्या फाइली उघडल्या. उजवीकडचे दोन्ही कोपरे खराब आहेत, खालचा जास्त. डावीकडचे त्यामानानं बरे. इतके दिवस मोर्तब तिथेच असते म्हणून माझं लक्ष फक्त तिथेच जात होतं.

टेबल माडीवर आहे. तक्तपोशी लाकडी आहे. कोणी जिना चढला तरी पाइप किंचित थरथरतो, ते मला माहीत आहे. मी थांबून मग बटण दाबते.

---

भिंगवाला

एकाच बाजूचे कोपरे जात असतील तर पहिला संशय कॅमेऱ्याच्या तिरपेपणावर. लेन्स फक्त कमकुवत असती तर साधारण चारही कोपरे सारखे गेले असते. (आतलं भिंग सरकलेलं असलं तरी एक बाजू जाते, पण ते नंतर पाहू.)

घरातला एक सपाट आरसा घ्या, टेबलावर जिथे कागद ठेवता तिथे झोपवा. कॅमेऱ्यातून पाहा. आरशात तुमच्या लेन्सचंच प्रतिबिंब दिसेल. फोकस प्रतिबिंबावर करा, म्हणजे आरशापर्यंतच्या अंतराच्या दुप्पट. लेन्सचं गोल तोंड चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं तर कॅमेरा कागदाला समांतर. बाजूला सरकलेलं दिसलं तर कॅमेरा तिरपा. स्पिरिट लेव्हलवर विसंबू नका, कारण टेबलच सपाट नसेल तर लेव्हल बरोबर दाखवूनही फोटो चुकतो.

मग आरसा काढून एका वर्तमानपत्राचं पान ठेवा, जाहीर नोटिसांचं, बारीक टाइपाचं. कॅमेऱ्यात एक्स्पोजर डिले (बटण दाबल्यावर थोडं थांबून फोटो काढणं) ३ सेकंदांवर लावा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, मोठं करून फोकस करा. एफ/५.६, ८, ११ आणि १६. चारच फोटो.

---

धंतोलीकर

थरथरीबद्दल एक. डी८५० मध्ये लाइव्ह व्ह्यूतून पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर आहे, पडदा हलतच नाही. पण एलईडीखाली ते वापरताना जपून, स्वस्त एलईडी असेल तर फोटोत आडवे पट्टे येतात. आणि तक्तपोशी हलली तर त्याला कोणतंच शटर वाचवू शकत नाही. ताई, टेबल खाली ओसरीवर आणा.

---

कागद_वाचक

मला लेन्समधलं फारसं कळत नाही, पण कागदांचं थोडंफार काम केलं आहे, म्हणून जागेबद्दल लिहितो.

आधी लागतं किती ते ठरवा. १५ इंच रुंदीत ६०१६ पिक्सेल म्हणजे इंचाला ४००. अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनी घालून दिलेल्या फॅडगी निकषांत कागदपत्रांच्या सर्वांत वरच्या, चार ताऱ्यांच्या दर्जाला ४००च लागतात. बोरूची बारीकात बारीक रेघ ०.२ मिमीची धरली तरी तिला तीन पिक्सेल मिळतात. म्हणजे तुमचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा फुलस्केपाएवढ्या बंदाला पुरेसा आहे. डी८५० नं तो आकडा ५५० होईल. लांबच लांब कागद कमी तुकड्यांत घ्यायचे असतील तर तो उपयोगी. मोर्तब न दिसण्याचं कारण पिक्सेलची कमतरता नाही.

आता डिस्क. तुमच्या ७,००० रॉ, प्रत्येकी २९ एमबी धरली तर २०० जीबी. आणि टिफ? २४ मेगापिक्सेल, तीन रंग, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे एकेक १४५ एमबी. सगळ्या मिळून १ टीबी. जागा रॉ खात नाही, टिफ खाते! डी८५० घेतला की एकेक टिफ २७० एमबीच्या वर जाईल.

रॉ जपून ठेवताच आहात, तर १६ बिटची टिफ कशासाठी? रंग आणि उजेड एकदा नीट बसवला की ८ बिटची करा, निम्मी होते. भोवतालचा काळा कपडा कापा, तुमच्या चौकटीचा जवळपास पाव भाग तोच आहे. वाचायला देण्यासाठी चांगल्या दर्जाची जेपेग पुरते, तीन-चार लोक मिळून लिप्यंतर करतात तेव्हा तीच फिरवायला सोपी. कॅमेऱ्यातला आकार कमी करू नका. तिथे गेलेलं परत येत नाही, आणि कागद तर कदाचित पुढच्या वर्षी नसेलही.

---

टाक_आणि_दौत

दहा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा. मधे पाव्हणे होते.

टेबल ओसरीवर आणलं. आरसा ठेवला तर लेन्सचं तोंड मध्यापासून बरंच डावीकडे! पाइपाला पट्टी जिथे जोडली तिथला एक बोल्ट ढिला होता, कॅमेऱ्याच्या वजनानं ती बाजू खाली झुकली होती. वायसर घालून आवळला, पाठीमागे पुठ्ठ्याचा तुकडा दिला, तेव्हा कुठे गोल मध्यावर आला. अर्धा दिवस गेला त्यात.

नोटिसांच्या पानावर फरक उघड दिसतो. एफ/१६ ला सगळं पान सारखंच धुरकट. एफ/८ ला मध्यभाग इतका लख्ख की छपाईची शाई कागदात कुठे फुटली आहे तेही कळतं. उजवी-डावी बाजू आता सारखी आली. चारही कोपरे अजून थोडे मऊ आहेत, एफ/११ ला किंचित बरे. हा मात्र झूमचाच दोष असावा.

मग तेच पत्र पुन्हा मागून आणलं. त्या घरातल्या आजींनी रुमाल सोडून स्वतः काढून दिलं. एफ/८, ३ सेकंदांचा डिले, कूलर बंद. मोर्तबेत 'लेखन' हे सरळ वाचता येतं, 'सीमा' मधला 'मा' अजून भरलेला आहे. डी७५० वरच, २४ मेगापिक्सेलवरच.

टिफचं म्हणाल तर जुन्या २,००० बंदांच्या ८ बिटच्या करून, कडा कापून पाहिल्या. २९० जीबीचे ११० झाले. रॉ सगळ्या तशाच आहेत.

डी८५० ला तूर्त नाही म्हणून कळवलं. सपाट कागदासाठी कोणती लेन्स पाहू?

---

भिंगवाला

६० मिमीची मायक्रो, एफ/२.८, जुनी डी मालिकेतली. वापरलेली मिळते. डी७५० मध्ये फोकसची मोटर आहे, त्यामुळे चालेल. उद्या डी८५० घेतलात तर त्यावरही चालेल. जवळच्या, सपाट वस्तूंसाठीच ती बनवलेली आहे, कोपरे धरून ठेवते. तुमच्या चौकटीला कागदापासून साधारण ७० सेंटिमीटरवर लावावी लागेल, पाइप तेवढा उंच आहे का ते आधी मोजा.

---

धंतोलीकर

ताई, ती लेन्स माझ्याकडे आहे. अंगठ्यांच्या फोटोंना वापरतो. विकत घेण्याआधी माझी लावून पाहा. या रविवारी काम नाही, दुपारी चारनंतर महालात घेऊन येतो. आरसा आणि नोटिसांचं पान तेवढं मांडून ठेवा.

---

टाक_आणि_दौत

भाऊ, नक्की या. पाइप मोजला, ९२ सेंटिमीटर आहे. ते पत्र सोमवारी परत द्यायचं आहे, म्हणजे रविवारी मोर्तब तुमच्या लेन्सखाली ठेवता येईल.