क्रूझवरची पडद्यावरची बाल्कनी: पैसे मोजावेत का?

मोगरा_सहकारनगर
दिवाळीनंतर सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायचं घाटतंय. आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सासूबाई, म्हणजे दोन केबिन. एजंटने दर पाठवलेत. आतल्या दोन केबिन सोडून बाल्कनीच्या दोन घेतल्या, तर जो फरक पडतो त्यात आमच्या सोसायटीचा वर्षभराचा मेंटेनन्स निघेल.

पण या जहाजावर आतल्या केबिनलाही 'व्हर्च्युअल बाल्कनी' आहे. खिडकी नाही, त्या जागी ८० इंची स्क्रीन, जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत. जहाजावर बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांतून समुद्र त्या घडीला जसा असेल तसा दिसतो, लाटांचा आवाज येतो, पुढ्यात कठडाही दिसतो (तोही चित्रातलाच). नको असेल तर आवाज बंद करायचा, पडदा ओढायचा आणि झोपायचं. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला नॅव्हिगेटर ऑफ द सीज या जहाजावर हे आणलं आणि त्याच वर्षी पाण्यात उतरलेल्या क्वांटमच्या सगळ्याच आतल्या केबिनना दिलं. आमचं जहाज त्याच जातीचं.

माझं मत सरळ आहे, हे घ्यावं आणि वाचलेल्या पैशांत किनाऱ्यावर नीट फिरावं. घरात मात्र नवरा हसतोय. तुम्ही बोला.

नारायणपेठी_नाना
नवऱ्याच्या बाजूने एक मत माझं. समुद्रावर जाऊन समुद्र टीव्हीवर बघायचा, तर पासपोर्ट कशाला हवा? घरी एवढाच मोठा टीव्ही घ्या, दहा वर्षं टिकेल. आणि बहुतेक मोठ्या जहाजांवर केबिनमधल्या साध्या टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनेल असतोच, फुकट. रात्री आवाज बंद करून तो चालू ठेवला की सकाळी उजाडल्याचंही कळतं. काम झालं.

बाणेरकरीण
नानांशी अर्धी सहमत. पैसे नसतील तर साधी आतली घ्या, असतील तर खरी बाल्कनी. हे मधलं प्रकरण मला कळतच नाही. बाल्कनीचा पैसा बघण्यासाठी नसतोच हो. दार सरकवलं की दमट खारा वारा तोंडावर येतो, केस चिकट होतात, खाली पाण्याला फेस सुटलेला असतो, आणि गाऊनवर चहा प्यायला कुणाची परवानगी लागत नाही. फुकेतला जहाज येताना डोंगर हळूहळू मोठे होत गेलेले मी तिथेच बसून पाहिलेत. स्क्रीनमधून वारा येतो का?

व्यवहार_आधी
मोगराताई, एजंटला आधी दोन गोष्टी विचारा. एक, दिलेले दर माणशी आहेत का आणि केबिनमध्ये दोघं धरून आहेत का? तसेच असतात. तुमच्या एका केबिनमध्ये तिसरं कुणी झोपलं तर त्याचं भाडं बहुतेक वेळा कमी लागतं, पण तो पलंग बहुधा छतातून खाली ओढायचा असतो. शिडी चढायची असते, म्हणजे सासूबाई बाद. दोन, ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) आणि बंदराचे कर धरलेत का? ग्रॅच्युइटी माणशी रोजच्या हिशोबाने लागते आणि स्वीट सोडले तर आतली काय नि बाल्कनीची काय, सारखीच. विमान, व्हिसा, सिंगापूरचं हॉटेल यात केबिनमुळे रुपयाचा फरक पडत नाही. म्हणून फरक नुसत्या केबिनभाड्यावर टक्क्यांत काढला की डोळे फिरतात, अख्ख्या सहलीच्या खर्चावर काढला की बराच लहान दिसतो. एजंट बाल्कनी विकताना नेमका दुसरा आकडा दाखवतो.

आणि नाना, बाणेरकरीण, साधी आतली घ्या म्हणताय ती या जहाजावर मिळायची कुठून? क्वांटमच्या जातीच्या जहाजांची जाहिरातच अशी होती की प्रत्येक खोलीला काही ना काही दृश्य आहे. नॅव्हिगेटरवर दोन्ही होत्या, तिथे तुलना करता यायची. इथे स्क्रीनचे वेगळे पैसे दिसतच नाहीत, ते भाड्यातच मुरलेले.

नारायणपेठी_नाना
मुरलेले म्हणजे घेतलेलेच की. टेकडी दिसते म्हणून बिल्डर चौरस फुटामागे जादा लावतो, तोच प्रकार. पण तिथे निदान टेकडी खरी असते.

कर्वेनगर_बी_विंग
आणि तीन वर्षांत समोर बारा मजली टॉवर उभा राहतो 😀 आमची टेकडी आता शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांमागे आहे. समुद्रात हा धोका नाही.

अवांतर: ही कल्पना मुळात पोरांसाठी चालली. डिस्ने ड्रीम या जहाजावर २०११ मध्ये आतल्या केबिनना गोल खिडकीच्या आकाराच्या स्क्रीन आल्या. खरा समुद्र दिसतो आणि मधूनच कार्टूनमधली पात्रं पोहत जातात. खऱ्या खिडकीवाल्यांची पोरं शेजारच्या आतल्या केबिनमध्ये जाऊन बसली तर नवल नाही. आणि गरिबांची सोय म्हणून हसू नका, एमिरेट्सने २०१७ मध्ये फर्स्ट क्लासच्या मधल्या स्वीटना अशाच खोट्या खिडक्या दिल्या. तिथे बसणारे काही काटकसर म्हणून बसत नाहीत.

नारायणपेठी_नाना
श्रीमंतांना फसवलं तर फसवणूक होत नाही, असं कुठे लिहिलंय?

निवृत्त_चीफ
जन्म इंजिनरूममध्ये गेला, त्यामुळे खिडकीचं कौतुक मला फार नाही. जहाजावरच्या किती तरी लोकांना खिडकी नसते, तरी झोप छान लागते. पण दोन गोष्टी कुणी बोललं नाही.

मळमळ. आतला कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात भिंत स्थिर आहे, यातून ती होते. क्षितिज दिसलं की बरं वाटतं ते यामुळे. स्क्रीनवरही क्षितिज दिसतं हे खरं, पण कॅमेरा कुठे लावलाय त्यावर सगळं आहे. जहाजाचं नाक मध्यापेक्षा फार जास्त वर-खाली होतं. कॅमेरा पुढे आणि तुमची केबिन मधोमध असेल, तर डोळ्यांना मोठा हेलकावा दिसणार आणि पोटाला छोटा जाणवणार. समुद्र खवळला तर अशा वेळी पडदा ओढलेला बरा. सिंगापूरच्या पट्ट्यात, मलाक्काच्या सामुद्रधुनीत, पाणी बहुधा शांत असतं, त्यामुळे चार रात्रींत प्रश्न येऊ नये. आणि ज्यांना लागतं त्यांनी खालचा डेक, जहाजाचा मध्य मागावा. वरच्या मजल्यावरची महागडी बाल्कनी जास्त झुलते.

दुसरं, चार रात्री म्हणजे जहाज संध्याकाळी निघणार, जास्त करून रात्री चालणार आणि दिवसा बंदरात उभं. केबिनमध्ये तुम्ही असाल रात्री. रात्री समुद्र काळा. स्क्रीनवर काळा, बाल्कनीतूनही काळा.

बाणेरकरीण
चीफसाहेब, एक दिवस पूर्ण समुद्रावर असतोच ना. त्या दिवशी वरच्या डेकवर खुर्चीसाठी सकाळपासून टॉवेल टाकून ठेवलेले असतात. कळेल तेव्हा बाल्कनीची किंमत.

व्यवहार_आधी
मग एक बाल्कनीची आणि तिच्यासमोरच, पॅसेजच्या पलीकडची, एक आतली घ्या. चौघांची पावलं आपोआप एकाच बाल्कनीकडे वळतील, पैसे एकाचेच. मात्र 'गॅरंटी' भाडं घेऊ नका. त्यात केबिनचा प्रकार ठरतो, नंबर कंपनी देते, आणि तुमच्या दोन केबिन जहाजाच्या दोन टोकांना निघाल्या तर कुणाला विचारणार?

मोगरा_सहकारनगर
व्यवहार, हे पटलं म्हणून लगेच घरात मांडलं. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "बाल्कनी नको, हा पोरगा वाकून बघेल आणि मला रात्रभर झोप लागायची नाही." दाराला वर कडी असते हे सांगून पाहिलं. "कडी त्यालाही उघडता येते." त्यांना स्क्रीनचं मात्र चाललं, कारण बंद खोलीत कोंडल्यासारखं होतं त्यांना, लिफ्टमध्येसुद्धा. सकाळी डोळे उघडल्यावर बाहेर उजेड आहे एवढं दिसलं की पुरे म्हणाल्या. नाना, तुमचा फुकटचा चॅनेल बत्तीस इंची टीव्हीवर पलंगाच्या पायथ्याशी दिसतो, त्याने खोली मोठी वाटत नाही.

नारायणपेठी_नाना
सासूबाईंपुढे आम्ही कोण बोलणार. पण मग ही औषधाची किंमत झाली, दृश्याची नव्हे. ज्याला कोंडल्यासारखं होत नाही त्याने का द्यावी, हा माझा प्रश्न तसाच आहे.

कर्वेनगर_बी_विंग
कारण या जहाजावर दुसरी आतली केबिनच नाही! वर व्यवहारने सांगितलं की. वाचत चला हो.

निवृत्त_चीफ
मोगराताई, दोन्ही आतल्या घेताय तर पैसे भरण्याआधी डेक प्लॅन उघडून केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. सासूबाईंची केबिन लिफ्टपासून फार लांब नको, या जहाजांचे पॅसेज संपता संपत नाहीत. अगदी लिफ्टला लागूनही नको, तिथे मध्यरात्रीपर्यंत गप्पा चालतात.

मोगरा_सहकारनगर
धन्यवाद चीफसाहेब. एजंटने पाठवलेले नंबर आत्ताच प्लॅनवर ताडून पाहिले, एक बरोबर बुफेखाली निघाली. ती बदलून मागते.