मदत हवी आहे : तेरा वर्षांच्या मुलीसाठी लाइफ सिम्युलेशन गेम

नमस्कार. लेकीला 'द सिम्स ४' खेळायचा आहे. तिला घरं रचायला, माणसं घडवायला मनापासून आवडतं, त्यामुळे सरसकट नाही म्हणायचं नाहीये. मूळ गेम २०२२ पासून फुकट आहे, पण एक्स्पान्शन पॅक (गेममध्ये नव्या गोष्टींची भर घालणारे जोड-भाग) विकत घ्यावे लागतात. ते एकेक करून मागितले जाणार, हे दिसतंच आहे. तुम्ही त्यासाठी काय नियम ठेवलात?

जास्त काळजी मॉड्सची, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्सची वाटते. गेमला अमेरिकेत 'टीन' (१३+) आणि युरोपात १२+ रेटिंग आहे, पण ते मूळ गेमपुरतंच. लोकांनी बनवलेल्या मॉड्सना कुठलंच रेटिंग नसतं आणि त्यांतले काही उघडउघड प्रौढांसाठी असतात. मॉड्स पूर्ण बंद ठेवावेत, की आपण स्वतः बघून निवडून द्यावेत?

दुसरा पर्याय 'स्टारड्यू व्हॅली'. शेती, गावकऱ्यांशी मैत्री, थोडी लढाई. दारूही आहे, ती बनवता आणि पिताही येते. मला त्यातली एक गोष्ट फार पटली : कॉम्प्युटरवर गेम झोपायला गेल्यावरच सेव्ह होतो आणि तिथला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो. म्हणजे 'अर्धा तास' म्हणण्याऐवजी 'दोन दिवस खेळ' असं ठरवता येईल. मधेच उठवलं की केलेलं वाया जातं, म्हणून मुलं चिडतात. सिम्समध्ये केव्हाही सेव्ह होतं, पण थांबायची जागाच येत नाही. तिथे वेळेचं कसं जमवता?

ज्यांची मुलं हे खेळतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.