धनुष्कोडी: वादळाने संपवलं की आपण सोडून दिलं?

दर्यावर्दी:
तामिळनाडूत रामेश्वरम बेटाच्या टोकाला असलेलं धनुष्कोडी वादळात संपलं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री समुद्र गावावरून गेला, हे खरं. पण त्याच वादळात मोडलेला, बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. गाडी मात्र रामेश्वरमलाच थांबली. पुढच्या गावाला मद्रास सरकारने राहण्यास अयोग्य ठरवून टाकलं. १९१४पासून मद्रासहून बोट मेल या रेल्वेगाडीने यायचं, धक्क्यावर आगबोट पकडायची आणि सिलोनमधल्या (आजच्या श्रीलंकेतल्या) तलैमन्नारला उतरायचं, असा राबता होता तिथे. स्टेशन, पोस्ट, कस्टमची कचेरी, शाळा, चर्च, सगळं होतं. एवढं गाव एका हुकमाने पुसायचं?

भरतीओहोटी:
हुकूम कठोर होता, चुकीचा नव्हता. एकीकडे पाल्कचा उपसागर, दुसरीकडे मन्नारचं आखात, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर स्टेशन जवळ आलं असतानाच लाटेखाली गेली. शंभरावर माणसं होती आत. पळायला कुठे उंचवटाच नव्हता, आजही नाही. तिथे पुन्हा बायकापोरं वसवायची?

दर्यावर्दी:
टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टनही वाळूच्या बेटावरच आहे. १९००च्या वादळात तिथे हजारो माणसं गेली. लोकांनी १७ फुटी भिंत घातली, घरं जॅक लावून उचलली आणि खाली वाळू भरली.

भरतीओहोटी:
आणि तरीही व्यापार ह्यूस्टनकडे गेलाच. धनुष्कोडीची फेरीबोटसुद्धा नंतर रामेश्वरमहून सुटायला लागली. बंदराचं कामच तिकडे गेल्यावर भिंत कुणासाठी बांधायची?

कोळीवाडा:
तुम्ही दोघंही गाव रिकामं आहे असं धरून चालला आहात. मच्छीमार तिथे परत आले आणि झावळ्यांच्या झोपड्या घालून राहिले. पडक्या चर्चच्या भिंतींतले प्रवाळाचे दगड उघडे पडलेत, त्यापासून थोड्या अंतरावर बायका वाळूत हाताने खड्डा खणतात, गोडं पाणी झिरपेपर्यंत थांबतात आणि भांड्याने हळूहळू कळशीत भरतात. २०१७ साली पट्टीच्या टोकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत रस्ता झाला. तो पर्यटकांच्या गाड्यांसाठी चालतो, मग या माणसांना नळ आणि पक्का निवारा द्यायला जागेचा धोका कसा आड येतो?

भरतीओहोटी:
निवाऱ्याला माझा विरोध नाही, तो आधी बांधा. विरोध आहे तो १७ किलोमीटरच्या नव्या रेल्वेला, जिची कोनशिला २०१९मध्ये बसली. रूळ आले की हॉटेलं येतील आणि वादळाच्या रात्री तिथे हजारो परके लोक अडकतील.

दर्यावर्दी:
रूळ हवेतच. वादळाचा इशारा आज काही दिवस आधी मिळतो. माणसं वेळेत बाहेर काढायला गाडीइतकं दुसरं साधन कुठलं आहे?