वाफ्यातलं नको असलेलं गवत: तुम्ही ते कसं घालवलंत?

माझ्या शेवंतीच्या वाफ्यात तीन वर्षं हरळी होती, यंदा कुठे वाफा मोकळा झालाय, म्हणून वाटलं आपले सगळ्यांचे अनुभव एकत्र यावेत. फसलेले प्रयोगही लिहा, त्यांचाच जास्त उपयोग होतो.

माझं सांगते. पहिली दोन वर्षं मी फक्त वरून उपटत होते, दर रविवारी टोपलीभर गवत निघायचं आणि आठ-दहा दिवसांत वाफा परत हिरवा. मग कुदळीने सगळा वाफा खणून काढला, आणि तीच सगळ्यात मोठी चूक झाली, कारण हरळीच्या जमिनीखालच्या काशांना, म्हणजे मुळांसारख्या दिसणाऱ्या आडव्या खोडांना, पेरं असतात आणि जवळजवळ प्रत्येक पेरातून नवा कोंब येऊ शकतो. कुदळीने मी एका काशीचे दहा तुकडे केले, म्हणजे दहा नवीन रोपंच लावली. तिसऱ्या वर्षी शेवंती सगळी काढून कुंड्यांत ठेवली, तेव्हा मुळांच्या गड्ड्यातही काशा निघाल्या, त्या धुवून एकेक वेचल्या. वाफ्याला पाणी दिलं, वापसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी होईपर्यंत, थांबले आणि दातांच्या फोर्कने माती उचलून हाताने काशा ओढल्या. माती भुसभुशीत असली की वीतभर, कधी हातभर लांब अख्खी काशी येते, कोरड्या मातीत ती तुटतेच. सगळा ढीग कडक उन्हात फरशीवर वाळवला, हातात कडकन मोडेपर्यंत. कंपोस्टमध्ये टाकला नाही. नंतर दोन महिने रोज सकाळी फेरी मारून दिसेल तो कोंब काढत होते.

---

आमच्याकडे लव्हाळा आहे, म्हणजे नागरमोथा. आधी दांडा बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, हरळीचे उपाय त्याला पुरत नाहीत. हे खरं तर गवतच नाही, वेगळ्या कुळातलं आहे, त्यामुळे रुंद पानांच्या झाडांतलं गवत मारायला जी औषधं मिळतात ती यावर काम करत नाहीत, मी एक पूर्ण सीझन त्यात घालवला. खाली माळेसारख्या गाठी असतात, वरचं पान ओढलं की नुसता वरचा कोंब तुटून येतो आणि खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. काळं प्लॅस्टिक अंथरलं तर टोकदार कोंब ते भोसकून वर आले, मी बघतच राहिलो. शेवटी उपयोग झाला तो नेमाचा. दर दोन आठवड्यांनी, पानं पाच-सहा व्हायच्या आत, खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचं. कोंब फुटताना गाठीतला साठा खर्च होतो आणि पानं मोठी झाली की तो परत भरतो, म्हणून दोन खुरपण्यांमधलं अंतर वाढू द्यायचं नाही. दीड वर्ष लागलं. अजून एखादा दिसतो.

---

माझ्या वाफ्यात गवत आलं ते शेणखतातून!! अर्धवट कुजलेलं होतं, ओल होती, वासही होता, तरी घाईने घातलं. ढीग आतून नीट तापला तरच त्यातलं बी मरतं. आता नवीन खत आलं की आधी एका कुंडीत भरून पाणी घालून दोन आठवडे ठेवते, काय उगवतं ते दिसतं.

---

पुठ्ठ्याचं कोणी केलंय का? मी केलंय, मनापासून सांगेन करून बघा. टेप आणि पिना काढलेला साधा तपकिरी पुठ्ठा, चांगला भिजवून, एकावर एक वीतभर चढवून, आणि वर चार बोटं जाडीचा पाचोळा. फटी राहिल्या की गवत बरोबर तिथूनच वर येतं, माझ्या पहिल्या वेळी नेमकं तेच झालं. दुसऱ्यांदा नीट केलं. झाडांच्या खोडाजवळ मात्र थोडी जागा मोकळी सोडा, ओल धरून खोड कुजतं. बियांपासून येणारं गवत जवळपास बंद झालं, हरळी खूप दमली पण गेली नाही, ती कडेकडेने जिवंत राहते.

---

रिकामा वाफा असेल तर उन्हाने तापवा. माती सपाट करून, भरपूर पाणी देऊन, पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून लावायचं आणि कडा मातीत गाडायच्या, ऐन उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे. बरेच लोक काळं वापरतात, पण ऊन पारदर्शकातून थेट मातीत जातं आणि वरचा थर जास्त तापतो. नंतर तो वाफा खोल खणू नका हो, खालचं बी वर आलं की सगळं मुसळ केरात.

---

मी ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं होतं, वारा होता, गुलाबावर तुषार गेले. तेव्हा काहीच दिसलं नाही, पुढच्या फुटीला मात्र पानं बारीक, सुतळीसारखी, झुपकेच्या झुपके. दोन झाडं गेली. फार वाईट वाटलं. ते औषध गवत आणि गुलाब असा भेद करत नाही. आता वाफ्यात फवारणी नाहीच.

आणि मीठ टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, माती खराब होते. व्हिनेगरने पानं करपतात, काशा शाबूत राहतात.

---

शेवंतीवाल्या ताई, हरळी परत येते ती बहुतेक लॉनकडून. मी वाफ्याभोवती फरश्या उभ्या गाडल्या, वीतभर खोल आणि दोन-तीन बोटं मातीच्या वर, सांधे एकमेकांवर चढवून. खालून येणाऱ्या काशा बऱ्याच अडल्या. वरून धावणाऱ्या फांद्यांसाठी बाहेरच्या बाजूला हातभर पट्टा उघडा ठेवलाय, तिथे काहीही आलं की लगेच नजरेत भरतं. काल संध्याकाळीच एक फांदी फरशीवर चढून आत वाकलेली दिसली, पेराला पांढरी मुळं नुकती फुटत होती, मातीला टेकायच्या आत कापली.