लुणी नदीतल्या बोटभर माशाला उपजात म्हणून नाव द्यावं का?

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमएस्सी प्राणिशास्त्र करतेय. डिझर्टेशनसाठी राजस्थानातल्या लुणी नदीतून पुंटियस सोफोरे जातीचे छोटे मासे आणलेत, बालोतरा गावाच्या वरच्या अंगाचे, जिथवर पाणी गोडं असतं. पावसाळा सरला की तिथे नदी म्हणजे नुसती सुटी सुटी डबकी. खडकवासल्याच्या माशांशी ताडून पाहिलं, तर लुणीवाल्यांच्या पार्श्वरेषेवरचे (कुशीवरून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवरचे) खवले एक-दोनने कमी भरतात, शेपटीचा देठही जाडसर आहे. गाईड म्हणतात, "नवी उपजात म्हणून छापून टाकू." छापावी का? आणि होलोटाइप, म्हणजे ज्याच्यावरून नाव ठरतं तो एक नमुना, कॉलेजच्या कपाटात ठेवला तर चालतो का?

फॉर्मॅलिनवाला
अगं, आधी एक सांग, खवले कुठवर मोजलेस? शेपटी हलकेच वाकवायची, जिथे घडी पडते तिथे थांबायचं. घडीपलीकडचे खवले मोजात धरायचे नाहीत. एवढ्याशा माशात इथेच एक-दोनचा घोळ होतो. मासा ओल्या टिश्यूवर डाव्या कुशीवर नको, उजव्या कुशीवर ठेव म्हणजे डावी बाजू वर येईल, आणि ड्रॉपरच्या रबरी फुग्याने हळू हवा मार. ओल सुकते तशी खवल्यांची कड उठून दिसते. मग सुईच्या टोकाने एकेक. पाठीच्या परातले शेवटचे दोन काटे एकाच बुडातून निघत असतील तर तो एकच धरायचा.

मोजणी पक्की ठरली तरी दुसरी अडचण उरतेच, आणि वाळवंटातल्या नदीत ती सगळ्यांत मोठी. अंड्यातून पिल्लू घडत असताना पाणी किती गरम होतं, यावर खवल्यांची, मणक्यांची, काट्यांची संख्या हलते. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या अमार्गोसा नदीतल्या पपफिश या चिमुकल्या माशाचं उदाहरण घे. त्या नदीचं पाणी बहुतेक अंतर जमिनीखालून वाहतं, वर येतं ते तुकड्यातुकड्यांनी. तिथली पिल्लं लेमा आणि नेव्हिट या संशोधकांनी जास्त गरम पाण्यात, कमी खाण्यावर वाढवली (२००६ सालचं काम), तर ती बुटकी, मोठ्या डोक्याची निघाली. थायरॉइडचं काम औषधाने दाबलं तेव्हा काहींना पोटाचे पर फुटलेच नाहीत. आता जवळच्याच डेव्हिल्स होल नावाच्या कुंडातल्या, साधारण ३३ अंशांच्या पाण्यातल्या सायप्रिनोडॉन डायाबोलिस या पपफिशची १९३० पासूनची ओळखच मुळी पोटाचे पर नसणं! त्याची जात वेगळी आहेच, पण एकट्या परावर विसंबणं किती धोक्याचं ते बघ. तुझे मासे तर आटत्या डबक्यातले. एक-दोन खवले उन्हाने खाल्लेले असू शकतात. लुणीचे आणि इथले मासे एकाच तापमानाच्या टाक्यांत वाढव, पुढची पिढी मोज. फरक टिकला तर बोलू.

आणि खडकवासल्याशी ताडून भागणार नाही. हॅमिल्टन या अभ्यासकाने १८२२ साली हा मासा, म्हणजे पुंटियस सोफोरे, गंगेच्या खोऱ्यातून वर्णिला. उपजात केलीस की मूळ नावाची उपजात आपोआप तिथल्या माशांना लागते. तेव्हा तुलनेला तिथले नमुने हवेत. गाईडना घाई असेल, माशाला नाही.

ओढ्यावरचा
मग उपजात हा प्रकारच बाद करा की. हल्ली वेगळं दिसलं की सरळ नवी जात करतात.

फॉर्मॅलिनवाला
बाद कशाला? एकाच नदीचे तुटलेले तुकडे दाखवायला ती पायरी कामाची आहे. रॉबर्ट रश मिलर या मत्स्यतज्ज्ञाने १९४८ साली सायप्रिनोडॉन नेवाडेन्सिसच्या, म्हणजे अमार्गोसातल्या त्याच पपफिशच्या, पाच नव्या उपजाती मांडल्या, एक नदीतली आणि बाकीच्या चार वेगवेगळ्या झऱ्यांतल्या. जुना दंडक असा की एका ठिकाणचे शंभरातले निदान पंचाहत्तर मासे दुसऱ्या ठिकाणच्यांपासून ओळखता आले पाहिजेत. सरासरीतला फरक दाखवून तो पुरा होत नाही.

त्या पाचांतली कॅलिफोर्नियातल्या टेकोपाच्या गरम झऱ्यांतली कॅलिडी ही उपजात आता नाही. लोकांच्या आंघोळीच्या सोयीसाठी झरे रुंद केले, १९६५ साली त्यांचे ओहोळ एकत्र वळवले, पाणी जोरात नि कढत वाहू लागलं. १९८२ साली अमेरिकेच्या संरक्षित यादीतून 'नामशेष' म्हणून नाव काढलं. मिलरने नाव दिलं नसतं तर 'पपफिश आहेत की बक्कळ' म्हणून कोणी वळूनही पाहिलं नसतं. म्हणून म्हणतो, नाव द्यायचं, पण पुराव्यानिशी.

मुठाकाठची
सर, पाण्याचं तापमान दर वेळी वहीत टिपलंय. सगळे मासे मात्र फॉर्मॅलिनमध्ये गेलेत. डीएनए?

फॉर्मॅलिनवाला
त्यांतून निघणं कठीण. पुढच्या खेपेला फॉर्मॅलिनच्या आधी उजव्या बाजूच्या पराचा तुकडा कापून निव्वळ अल्कोहोलमध्ये टाक, कुपीवर आणि माशावर एकच नंबर. डावी बाजू मोजमापाला शाबूत राहते. चिठ्ठी पेन्सिलने लिही, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

ओढ्यावरचा
कपाटाचं राहिलंच. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवीन काही सापडलं की सरकारने नेमलेल्या भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, आणि त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र आकुर्डीतच आहे. छापायच्या आधी जा, नोंदणी क्रमांक पेपरात द्यावा लागेल.