सात वर्षांच्या आत गणित शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं?

जळगावची_मावशी: काल साडेपाच वर्षांच्या भाच्यासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं ताक ओतलं, मग त्यातलं एक उंच बारीक ग्लासात ओतलं तर लगेच "याच्यात जास्त, मले हेच पायजे". पोरांचा विचार कसा वाढतो ते अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे हेच तर सांगून गेला, 2 ते 7 वयात पोरं दिसण्यावर जातात, सातच्या पुढे समजतं की ओतल्याने ताक वाढत नाही, आणि 'समजा असं झालं तर' वाला विचार 11-12 नंतर. आणि इथे केजीला बेरजांचा होमवर्क!

धुळेकर_भाऊ: ओ ताई, पोरगं नाही चुकलं, तुमचा प्रश्न चुकला. आधी विचारलं सारखं आहे का, तो हो म्हणाला, मग परत तेच विचारलं की त्याला वाटणारच पहिलं उत्तर चुकलं वाटतं. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडीकडून सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांपैकी एक विस्कटवली, तर 4 ते 6 ची बरीच जास्त पोरं सोंगट्या सारख्याच आहेत असं बरोबर बोलली. तुमच्या पियाजेने लहानग्यांना फार कमी लेखलं.

केळीवाला_रावेर: आमचा सहा वर्षांचा पोट्टा बागेत सांगतो, नऊ फण्यांचे दोन घड म्हणजे अठरा. घरी पाटीवर 9+9 लिहून दिलं की गप्प. ते रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की म्हणतात तसं, मोठ्यांच्या सोबतीने काम करता करताच डोकं चालायला लागतं, वयाची वाट काय बघायची.

जळगावची_मावशी: अहो दादा, घड समोर लटकतोय म्हणून जमतं ना त्याला! तुम्ही माझीच बाजू मांडताय. मी मोजायला नको म्हणतच नाही, पाटीवरच्या आकड्यांची घाई नको म्हणते.

झेडपी_गुरुजी: दोघंही भाषा विसरले. माझ्या पहिलीतल्या पोराला पुस्तकी मराठीत 'एकूण किती' विचारलं तर बघतच राहिला, 'कितला शेतस' म्हटल्यावर फटकन सात. पाच वर्षं अहिराणी ऐकलेल्या पोराची बुद्धी तपासताय का मराठी? आणि मावशी, ते टप्पे एवढे पक्के धरू नका, रसवंतीवर चाळिशीतले लोकही उंच ग्लासच उचलतात 😄

जळगावची_मावशी: बरं गुरुजी, आज परत केलं. ओतायला त्यालाच लावलं, आणि प्रश्न एकदाच. "सारखंच हाये की" म्हणाला. आणि उचलला उंच ग्लासच.