गोठ्यातील आणि चाऱ्याच्या शेडमधील पारव्यांचा टिकाऊ बंदोबस्त कसा करावा?

प्रवराकाठ (प्रश्न)
नमस्कार. अहिल्यानगर जिल्ह्यात आमचा संकरित गाईंचा गोठा असून त्याला लागूनच मक्याचा भरडा, सरकी पेंड आणि कडबा ठेवण्याची पत्र्याची शेड आहे. शेडच्या लोखंडी कैच्यांवर, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या आडव्या-तिरक्या सांगाड्यांवर, पारव्यांनी वस्ती केली आहे. त्यांची विष्ठा गव्हाणीत, पाण्याच्या हौदात आणि दूध काढण्याच्या जागेवर पडते. सकाळी भरडा टाकला की गाईंच्या आधी पारवेच गव्हाणीवर उतरतात. चकाकणाऱ्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे घुबड टांगून पाहिले, पण आता पारवे त्या घुबडाच्या शेजारीच बसलेले असतात. एका विक्रेत्याने माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे यंत्र सुचवले आहे, तर वस्तीवरील काही जण विषारी दाणे टाकण्याचा सल्ला देतात. गोठ्यातील हवा न कोंडता आणि जनावरांना धोका न होता कोणता उपाय टिकतो, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त पशुवैद्य
विषारी दाण्यांचा विचार आपण पूर्णपणे सोडून द्यावा. विषाने पारवा मरेलही, परंतु तो कुठे जाऊन मरेल हे आपल्या हातात राहत नाही. मेलेला पक्षी मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) किंवा कडब्याच्या गंजीत दबला गेला, तर त्याच्या कुजणाऱ्या शरीरात बोट्युलिझम या लुळेपणा आणणाऱ्या रोगाचे विष तयार होऊ शकते आणि असा चारा पोटात गेलेल्या गाई अंगातील ताकद जाऊन, जीभ लुळी पडून दगावू शकतात. शिवाय ते दाणे चिमण्या, कोंबड्या आणि कुत्रीही खातील, ते वेगळेच.

विष्ठेचा प्रश्न आपण योग्य मांडला आहे. तिच्यातून जुलाब घडवणारे साल्मोनेलाचे जंतू खाद्यात आणि पाण्यात मिसळतात. परसात कोंबड्या असतील तर रानीखेत, म्हणजे मानमोडीचे लसीकरण चुकवू नये, कारण त्या विषाणूचा पारव्यांमध्ये आढळणारा प्रकार कोंबड्यांनाही बाधू शकतो. साठलेली वाळकी विष्ठा मात्र कधीही कोरडी झाडू नये. तिच्या धुळीतून बुरशीजन्य आजार माणसाच्या फुप्फुसात शिरतात. आधी पाणी फवारून ती भिजवावी, एन-९५ मुखपट्टी व हातमोजे घालून खरवडावी आणि मगच जागा जंतुनाशकाने धुवावी. जुनी घरटी काढल्यावर त्यातील गोचिडवर्गीय कीटक आणि पिसवा उपाशी होऊन खाली जनावरांवर उतरतात, तेव्हा त्याच दिवशी त्या कैच्यांवर कीटकनाशकाची फवारणी उरकावी. अर्थात गाई बाहेर काढून आणि गव्हाणी झाकूनच.

शेडवाला, निफाड
यंत्रावर पैसे घालवू नका. बहुतेक पक्ष्यांना सुमारे १० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही आणि ही यंत्रे २० किलोहर्ट्झच्या वर चालतात, त्यामुळे माणसाला जे ऐकू येत नाही ते पारव्यालाही येत नाही. पकडून दूर सोडण्याचाही उपयोग नाही, कारण घरी परतण्याच्या ज्या ओढीमुळे या जातीचा निरोप्या म्हणून उपयोग झाला, तीच ओढ त्यांना पुन्हा आपल्या शेडमध्ये आणते.

माझ्या मते खर्च करावा तो जाळीवरच. अतिनील किरणांना टिकणारी, ५० मिलिमीटर भोकांची नायलॉनची किंवा एचडीपीई या चिवट प्लास्टिकची जाळी घ्यावी आणि ती कैच्यांच्या खालून, चारही कडांना ताणलेल्या तारेवर, सपाट छतासारखी बसवावी. त्यामुळे कैच्या आणि पत्र्याच्या मधली सारी बैठक एकदम बंद होते. ढिली जाळी हा यातला सर्वांत मोठा दोष आहे. तिच्यात पाय अडकून पक्षी लटकतात आणि कडेला हाताएवढी फट राहिली तरी पारवे ती शोधतात. काही जण याच कामासाठी हिरवे शेडनेट लावतात. ते स्वस्त पडते हे खरे, परंतु धुळीने भरले की वारा अडतो, अमोनियाचा वास कोंडतो आणि एप्रिल-मेमध्ये संकरित गाई धापा टाकू लागतात. जिथे जाळी शक्य नाही अशा सपाट कठड्यांवर सुमारे ४५ अंश किंवा त्याहून तीव्र उताराचा पत्रा ठोकावा, म्हणजे पारव्यांना पाय रोवता येत नाही.

भरडा आणि पेंड झाकणाच्या पिंपात ठेवा आणि गव्हाणीत एका वेळी खाऊन संपेल एवढेच टाका. खाद्य उघडे राहिले तर जाळीबाहेरचे पारवे हौदावर आणि अंगणात ठाण मांडतील.

पक्षीनिरीक्षक
वरील सूचना योग्य आहेत; केवळ वेळेबाबत एक जोड देतो. पारव्याची मादी बहुधा दोन अंडी घालते, ती १७ ते १९ दिवसांत उबतात आणि पिल्ले साधारण चार ते पाच आठवड्यांत उडू लागतात. आपल्या हवामानात हे चक्र वर्षभर चालू असल्याने घरटी नसतील असा मोसम शोधत बसू नये. शेडचे काम भागाभागाने करावे, रिकाम्या भागात आधी जाळी लावावी, उरलेल्या भागातील पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे आणि नवे घरटे सुरू होताच त्यातील काड्या काढत राहावे. आत कोंडलेली पिल्ले मेली तर पशुवैद्यांनी सांगितलेलाच धोका पुन्हा उभा राहतो. ५० मिलिमीटरच्या भोकांतून चिमण्या ये-जा करू शकतात, त्यांना अडवण्याचे कारण नाही. मात्र आढ्यावर गव्हाणी घुबड राहत असेल, तर जाळी लावण्यापूर्वी त्याच्यासाठी शेडबाहेर लाकडी पेटी टांगावी. ते उंदरांचा फडशा पाडते.

प्रवराकाठ
सर्वांचे आभार. एक अडचण राहते. चाऱ्याच्या शेडचे दार ट्रॅक्टर-ट्रॉली आत जाण्याइतके मोठे असून दिवसा ते उघडेच असते. तिथे जाळी कशी लावावी?

शेडवाला, निफाड
तिथे जाळी नको. शीतगृहांच्या दारांना असतात तशा जाड पारदर्शक पीव्हीसीच्या पट्ट्या, एकमेकींवर थोड्या चढवून, वरून जमिनीपर्यंत सोडाव्यात. ट्रॉली त्यांना ढकलून आत जाते आणि त्या पुन्हा आपोआप मिटतात. पट्ट्यांच्या वर, दाराची चौकट आणि पत्रा यांच्या मधल्या त्रिकोणी फटीत मात्र जाळीचा तुकडा बसवावाच लागेल, कारण पारवे बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतात.